खिडकीत रिंगवालं कबुतर आलंय? ते रेसर आहे का पारवा, कसं ओळखायचं आणि पुढे काय करायचं

मुंबईत खिडकीत कबुतर बसलं की आपण हुश्श करून हाकलतो, आणि त्यात चूक काही नाही, एसीच्या मागे साठणारी ती घाण कोणाला हवीय. पण कधीतरी असं एखादं येतं की हाकललं तरी जात नाही. ग्रिलमध्ये एकटंच बसून राहतं, जवळ गेलं तर फक्त मान वळवून बघतं, आणि नीट बघितलं तर पायात रिंग असते. हे सगळं त्या कबुतरासाठी लिहितोय.

माझ्याकडे असं पहिलं आलं तेव्हा आम्ही लालबागला चाळीत राहायचो. मी त्याला दुधात भिजवलेला पाव दिला, त्याने खाल्ला नाही, आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास गॅलरीतून उडवून दिलं कारण मला वाटलं सोडून देणं हीच दया. ते समोरच्या पत्र्यावर जाऊन बसलं, पाच मिनिटात कावळ्यांनी घेरलं, आणि सकाळी पत्र्यावर पिसं होती. मागच्या गल्लीत एका काकांची ढाबळ होती, म्हणजे कबुतरं पाळायची जागा, त्यांना सांगितलं तर म्हणाले, "होमर होता रे तो, थकून उतरला होता. दोन दिवस ठेवला असतास तर आपला आपण घरी गेला असता." होमर म्हणजे लांब नेऊन सोडलं तरी आपल्या घरी परतणारं पाळीव कबुतर, आणि शर्यतीत उडवतात तो रेसर. तेव्हापासून मी या विषयात पडलोय, आणि तेव्हा जे माहीत असायला हवं होतं ते इथे सांगतोय.

आधी नातं समजून घ्या

माझं आजोळ जुन्नरच्या बाजूला. तिथे मामांच्या मळ्यात दगडी विहीर होती, आणि विहिरीत डोकावलं की आतल्या कपारीतून पंधरा-वीस पारवे फडफडत वर यायचे. मामा म्हणायचे कबुतर वेगळं आणि पारवा वेगळा, कबुतर माणसाचं आणि पारवा कड्याचा. वागण्याच्या हिशोबाने ते बरोबरच होतं, पण शास्त्रात दोघांचं नाव एकच आहे, कोलंबा लिव्हिया. विहिरीतला आणि शिवनेरीच्या कड्यावरचा पारवा, दादरच्या चौकातलं कबुतर, आणि चेन्नई-बंगळुरूच्या शर्यतीत शेकडो किलोमीटर उडणारा रेसर, तिघंही एकाच जातीचे. इतकंच काय, लक्का, लोटण, गिरेबाज हे पाळीव कबुतरांचे प्रकार दिसायला कितीही वेगळे असले तरी तेसुद्धा.

हे डार्विनने १८५९ मध्येच मांडलं होतं. तो स्वतः कबुतरं पाळायचा, लंडनच्या कबुतरवाल्यांच्या क्लबात जायचा, आणि वेगवेगळ्या रंगांच्या पाळीव जातींचा संकर करून बघायचा. पांढरी आणि काळी कबुतरं मिसळत गेला तर पुढच्या पिढीत मध्येच एखादं निळसर राखाडी, पंखावर दोन काळे पट्टे असलेलं पिल्लू निघायचं, म्हणजे अगदी पारवाच. मूळ रूप आत कुठेतरी शिल्लक असतंच. अकबराच्या दरबाराबरोबर वीस हजारांच्या खाली कबुतरं कधी नसायची याचाही त्याने उल्लेख केलाय, म्हणजे आपल्याकडचा हा नाद किती जुना आहे बघा.

मग रेसर कुठून आला? आज ज्याला आपण रेसिंग होमर म्हणतो तो मुख्यतः एकोणिसाव्या शतकात बेल्जियममध्ये तयार झाला, तिथल्या लोकांनी तीन-चार प्रकारची पाळीव कबुतरं मिसळली आणि जी लांबून लवकर घरी येतात त्यांचीच पिल्लं पुढे वाढवली. घरी परतायची ओढ मात्र बेल्जियमवाल्यांनी निर्माण केलेली नाही. ती पारव्याचीच. पारवा कड्यावर घरटं करतो, दाणा खायला शेतात लांब जातो, आणि पुन्हा त्याच कपारीत त्याच जोडीदाराकडे येतो. माणसाने ती दोरी फक्त लांब केली, दहा-वीस किलोमीटरची हजार किलोमीटरपर्यंत. तीच ओढ पुढे लाखमोलाची झाली, २०२० मध्ये न्यू किम नावाची बेल्जियमची एक मादी सोळा लाख युरोला विकली गेली. आणि आपल्या देशात ओडिशा पोलिसांनी १९४६ पासून साठ वर्षांच्या आसपास याच बेल्जियन होमरकडून निरोप पोचवून घेतलेत, वायरलेस पोचत नव्हतं अशा ठाण्यांवर.

हे एवढं सांगायचं कारण म्हणजे तुमच्या खिडकीतलं कबुतर या तिघांपैकी कोण आहे यावर पुढचं सगळं ठरतं. साधं रस्त्यावरचं असेल तर त्याला घर शोधून द्यायची गरज नाही, हे शहरच त्याचं घर. रेसर असेल तर त्याचं घर दुसरीकडे कुठेतरी आहे आणि तिथे कोणीतरी गच्चीवर उभं राहून वाट बघतंय.

ओळखायचं कसं

पहिली गोष्ट रिंग. पण रिंग-रिंगमध्ये फरक असतो. रेसरची मुख्य रिंग अखंड असते, कुठेही जोड नाही, कारण पिल्लू साधारण आठवड्याचं असताना ती बोटांवरून सरकवतात आणि नंतर पाय वाढला की ती निघत नाही. तिच्यावर अक्षरं, वर्ष आणि नंबर असतो. ते वर्ष म्हणजे त्याच्या जन्माचं वर्ष, त्यामुळे वयही कळतं. दुसऱ्या पायात कधी चिपवाली प्लास्टिकची जाडसर रिंग असते, ती शर्यतीत पोचल्याची वेळ नोंदवायला. नुसती रंगीत, उघडता येणारी प्लास्टिकची रिंग किंवा पायात मणी-घुंगरू असेल तर बहुतेक ते आपल्याकडचं हायफ्लायर असतं, म्हणजे तासन्‌तास घराच्याच डोक्यावर उंच उडणारं. ते लांबून येत नाही, वाऱ्याने किंवा ससाण्याच्या भीतीने भरकटलेलं असतं, मालक बऱ्याचदा दोन-चार गल्ल्या पलीकडेच सापडतो. पंख उलगडून मोठ्या पिसांवर शिक्का आहे का तेही बघा, काही जण तिथे फोन नंबर छापतात. नंबर असला तर काम तिथेच संपलं.

रिंग नसेल तर नाक बघा, म्हणजे चोचीच्या मुळाशी असलेला पांढरा फुगीर भाग. पारव्यात आणि रस्त्यावरच्या कबुतरात तो छोटा असतो, वयात आलेल्या रेसरमध्ये ठळक, खडूसारखा पांढरा. मग अंग बघा. पारवा सडपातळ, तीनशे ग्रॅमच्या आसपास, रेसर चारशे ते पाचशे ग्रॅमचा, छाती रुंद, पिसं रेशमासारखी घट्ट बसलेली. हातात घेतलं की लगेच कळतं, रस्त्यावरचं कबुतर हलकं लागतं आणि रेसर भरीव लागतो, अर्थात उपाशी नसेल तर.

आता मला सगळ्यात आवडणारी खूण. शेपटीच्या वर, पंख मिटले की झाकली जाते ती पाठ बघा. युरोपातल्या रानपारव्याची ही जागा पांढरी असते. आपल्या भारतातल्या पारव्याची राखाडी, अंगाच्याच रंगाची. हा फरकही डार्विनने नोंदवलाय. त्यामुळे मुंबईत एखादं कबुतर उडताना पाठीवर पांढरा ठिपका चमकला तर त्याच्या पूर्वजांत कुठेतरी बाहेरून आलेलं पाळीव रक्त असण्याची शक्यता बरीच आहे. मी तर ट्रेनची वाट बघताना प्लॅटफॉर्मच्या पत्र्याखालच्या कबुतरांत हेच बघत बसतो.

तसंच पंखाची नक्षी. खरा रानातला पारवा म्हणजे राखाडी अंग आणि पंखावर दोन स्वच्छ काळे पट्टे, शेपटीच्या टोकाला काळी किनार, मानेवर हिरवी-जांभळी झळाळी, बस. पट्ट्यांऐवजी पंखभर काळे चौकडे असतील, ज्याला कबुतरवाले चेकर म्हणतात, तर ते पाळीव बाजूने आलेलं समजा. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की ही चौकड्यांची नक्षी आफ्रिकेतल्या एका वेगळ्याच जातीच्या कबुतराशी फार पूर्वी झालेल्या संकरातून आली. विटकरी, पांढरं, ठिपकेदार हेही सगळे पाळीव रंग. कुठल्याही स्टेशनबाहेरच्या थव्यात पाच मिनिटं उभं राहून मोजून बघा, निव्वळ पट्टेवाले किती आणि बाकीचे किती, म्हणजे आपल्या शहरातला थवा किती मिसळलेला आहे ते डोळ्यांनीच दिसेल. त्याच युटाच्या लोकांना २०१२ मध्ये असंही आढळलं होतं की अमेरिकेतली रस्त्यावरची कबुतरं रेसिंग होमरच्या बरीच जवळची आहेत, म्हणजे शर्यतीतून जे घरी पोचले नाहीत ते तिथल्या थव्यांत सामील झाले. आपल्याकडे तर रानातला पारवाही शेजारीच आहे, त्यामुळे दोन्हीकडून भर पडत राहते.

म्हणून नक्षीवरून एकट्याने निर्णय घेऊ नका. पट्टेवाला रेसरही असतो आणि चेकर रस्त्यावरचाही असतो. शेवटी वागणं बघा. रस्त्यावरचं कबुतर आजारी नसेल तर माणूस जवळ आला की उडतंच. रेसर माणसाच्या हातात वाढलेला असतो, तो सरकतो पण घाबरत नाही, पाण्याची वाटी ठेवली तर तुमच्यासमोरच पितो.

पकडायचं आणि तपासायचं

शक्यतो अंधार पडल्यावर पकडा, कबुतराला अंधारात नीट दिसत नाही. पातळ टॉवेल टाकून दोन्ही हातांनी उचला, झडप घालू नका. धरायची पद्धत अशी की कबुतराचं तोंड तुमच्याकडे, त्याचे दोन्ही पाय तुमच्या पहिल्या दोन बोटांमध्ये, आणि अंगठा पाठीवरून पंखांच्या टोकांवर. छाती दाबायची नाही, कबुतर छाती हलवूनच श्वास घेतं.

मग छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवा. दोन्ही बाजूला मांस भरलेलं असेल तर नुसतं थकलेलं आहे. हाड सुरीच्या धारेसारखं लागलं तर कित्येक दिवसांचं उपाशी आहे. विष्ठा हिरवी पाण्यासारखी असेल तरी बऱ्याचदा तोच अर्थ. पायाच्या बोटांना दोरा किंवा केस गुंडाळलेला आहे का बघा, जानेवारीत संक्रांतीच्या आसपास तर पंखाखाली मांजा आहे का तेही. मांजा ओढून काढायचा नाही, छोट्या कात्रीने तुकडे करत काढायचा.

मान पिरगळल्यासारखी होत असेल, दाणा टिपताना चोच बाजूला पडत असेल, तोंडात पिवळट पनीरसारखा थर असेल, पंख लोंबत असेल किंवा रक्त येत असेल तर घरी प्रयोग करू नका, परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटलसारख्या ठिकाणी घेऊन जा.

आणि स्वतःला सांभाळा. वाळलेल्या विष्ठेची धूळ फुप्फुसाला खरंच वाईट असते, वर्षानुवर्षं कबुतरांजवळ राहून फुप्फुसं कडक झालेले लोक आहेत. घरात दमा असलेलं कोणी असेल, लहान बाळ असेल, तर बॉक्स घरात नको, जिन्यात किंवा गच्चीच्या आडोशाला ठेवा. हाताळताना मास्क, नंतर साबणाने हात.

दोन दिवसांचा मुक्काम

पुठ्ठ्याचा बॉक्स घ्या, बाजूने भोकं पाडा, तळाला जुना पेपर. कबुतर आत आणि बॉक्स शांत, थोड्या अंधाऱ्या जागी. मुलांना दर दहा मिनिटांनी उघडून बघू देऊ नका, मला माहितेय हे अवघड असतं, पण त्याला झोप हवी असते.

सगळ्यात आधी पाणी, दाण्याच्याही आधी. वाटी खोलगट पाहिजे, निदान दोन बोटं पाणी, कारण कबुतर चिमणीसारखं चोच वर करून पीत नाही, चोच बुडवून गायीसारखं ओढून पितं. बशीत पाणी ठेवलं तर त्याला पिता येत नाही आणि आपल्याला वाटतं तहान नाही. चोचीत ड्रॉपरने पाणी घालू नका, श्वासनळीत जातं.

पाणी पिऊन झालं की तासाभराने कोरडं धान्य. ज्वारी, बाजरी, गहू, मूग, मटकी, मसूर, मका असेल तर तोही, किराणावाल्याकडे सगळं मिळतं. शिजवायचं नाही, भिजवायचं नाही. दिवसाला छोटी मूठभर, साधारण तीस ग्रॅम पुरतं, फार उपाशी असेल तर दोन-तीनदा थोडं थोडं. पाव, दूध, भात, फरसाण, बिस्किट काही नको, माझ्या पहिल्या कबुतराला मी तेच दिलं होतं.

मालक शोधायचा तर

रिंगचा फोटो घ्या, पण ग्रुपवर टाकताना नंबरचे शेवटचे दोन-तीन आकडे झाका. जो माझं आहे म्हणेल त्याने ते आकडे सांगावेत. चांगल्या रेसरला पैसे मिळतात, त्यामुळे हक्क सांगणारे चारजण येतात आणि फोटोत नंबर पूर्ण दिसत असेल तर खरा कोण ते कळायला मार्ग राहत नाही. रिंगवरची अक्षरं कुठल्या क्लबची ते आसपास ढाबळ असलेला माणूस सहसा ओळखतो, कुर्ला, गोवंडी, धारावी, डोंगरीकडे चौकशी केली तर कोणी ना कोणी भेटतंच. पक्षी लगेच देऊन टाकू नका मात्र, आधी ओळख पटू द्या.

आणि रिंग दिसली, पंखावर परकी अक्षरं दिसली म्हणून घाबरू नका. मे २०२३ मध्ये चेंबूरजवळ पीर पाऊ जेट्टीवर एक कबुतर सापडलं होतं, पायात दोन रिंगा आणि पंखांच्या आतल्या बाजूला चिनीसारखी अक्षरं. हेरगिरीचा संशय आला, तपास झाला, आणि ते कबुतर आठ महिने परळच्या त्याच हॉस्पिटलात राहिलं. शेवटी कळलं की तो तैवानचा शर्यतीचा पक्षी होता. तैवानमध्ये कबुतरं जहाजाने समुद्रात नेऊन सोडतात आणि ती पाण्यावरून घरी परततात, त्यातलाच हा चुकलेला. जानेवारी २०२४ च्या शेवटी त्याला सोडलं. मला ती बातमी वाचून फार वाईट वाटलं होतं, दोष कोणाला द्यायचा म्हणून नाही, पण रिंग म्हणजे काय हे आपल्याकडे जास्त लोकांना माहीत असतं तर कदाचित काही महिने वाचले असते.

सोडायचं कधी

मालक सापडला नाही तरी तब्येतीने ठीक रेसरला बहुतेक वेळा आपली गरज नसते. दोन दिवस, फार तर तीन, नीट खाऊन-पिऊन झाला, हाड झाकलं गेलं, बॉक्समध्ये पंख मारायला लागला की तयार आहे. सकाळी सोडा, ऊन चढायला लागलं की, आठ-नऊच्या दरम्यान. आभाळ मोकळं पाहिजे, कारण दिशा ओळखायला तो सूर्याचा आधार घेतो. ढग असले तर पृथ्वीच्या चुंबकत्वावर, वासावर, रस्ते आणि रेल्वेच्या खुणांवर भागवतो, पण थकलेल्या पक्ष्याची एवढी परीक्षा कशाला. पावसाळ्यात आला असेल तर उघडीप मिळेपर्यंत थांबा. संध्याकाळी तर कधीच सोडू नका.

जागा गच्चीची, आजूबाजूला केबलच्या तारा कमी, आणि आधी वर बघा, घारी घिरट्या घालत असतील किंवा कावळे जमलेले असतील तर अर्धा तास थांबा. हवेत फेकायचं नाही. बॉक्स कठड्यावर ठेवून उघडा आणि मागे सरका, तो स्वतः बाहेर येईल, मान वर करून बघेल, मग उडेल. एक-दोन गोल फेऱ्या मारून एका दिशेला गेला की समजा गेला.

परत आला तर? एकदा आला तर पुन्हा दाणा-पाणी द्या आणि पुन्हा सकाळी सोडा. तिसऱ्यांदा आला तर एखाद्या ढाबळवाल्याकडे द्या. पिल्लू-वयाचा असेल तर नव्या ढाबळीत रुळतो. मोठा होमर रुळत नाही, महिन्यांनी सोडला तरी जुन्या घराची वाट धरतो, म्हणून विकत आणलेले मोठे होमर लोक सोडतच नाहीत, फक्त पिल्लांसाठी ठेवतात. हे त्या माणसाला आधीच सांगा.

एक मात्र करू नका, कुठल्यातरी कबुतरखान्यात नेऊन गर्दीत सोडणं. २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला, ते प्रकरण हायकोर्टात गेलं, तो वाद वेगळा. पण रेसरच्या बाजूने बघितलं तरी ती जागा चुकीची, मोजून दाणे खात वाढलेला पक्षी त्या गर्दीत मागे पडतो आणि आजार घेऊन बसतो. लग्नात, उद्घाटनात उडवायला आणतात त्या पांढऱ्या कबुतरांचंही असंच होतं, त्यातली बरीचशी दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी खिडकीत उपाशी बसलेली असतात. तशी मिळाली तर सोडूच नका, सरळ पाळणाऱ्याकडे द्या.

पक्षी गेला की पेपर आणि बॉक्स पिशवीत बांधून टाका, झाडू मारू नका, आधी जागा पाण्याने ओली करा आणि मग पुसा म्हणजे धूळ उडणार नाही. पाण्याची वाटी आणि सांडलेले दाणे ग्रिलमधून त्याच दिवशी उचला, नाहीतर चार दिवसात तिथे काड्या येतात, दोन अंडी येतात, आणि मग सतरा-अठरा दिवस अंडी आणि पुढे महिनाभर पिल्लं, तोपर्यंत खिडकी त्यांची.